शुक्रवारची मावशी

"तू मावशी हो. तुला काही ॲक्टिंग करायची गरज नाही."

मॅडम म्हणाल्या आणि सगळे हसले.

सगळे म्हणजे डॉक्टरच. एमबीबीएस होऊन फॅमिली मेडिसिन शिकायला त्या मोठ्या हॉस्पिटलात आलेले आम्ही निवासी डॉक्टर. दर शुक्रवारी दुपारी ओपीडी आटोपली की सेमिनार रूममध्ये संवादाचा तास असायचा. पेशंटशी बोलायचं कसं, त्याचं ऐकायचं कसं, हे शिकवणारा तास. मधोमध दोन खुर्च्या. एकीत एक जण डॉक्टर, दुसरीत आमच्यातलाच एक जण खोटा पेशंट. बाकीच्यांनी भोवती बसून बघायचं आणि नंतर सांगायचं, काय बरं झालं, काय चुकलं.

कोण कुठल्या खुर्चीत बसणार ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. त्या दिवशी तास घेणाऱ्या मॅडमनी चिठ्ठ्यांचा डबा बाजूला सारला आणि माझ्याकडं बघितलं. जवळ आल्या. माझ्याच गळ्यातली ओढणी काढून माझ्या डोक्यावर घातली, दोन्ही कानांमागं नीट खोचली. मग एक पाऊल मागं सरून बघितलं, भिंतीवरची तसबीर सरळ लागलीय का बघावं तसं.

"परफेक्ट," त्या म्हणाल्या.

डॉक्टरच्या खुर्चीत ऋचा होती. पुण्याची, आई-वडील दोघंही डॉक्टर. वाईट मुलगी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते वाईट माणसांनी केलेलं नाही. वाईट माणसं असती तर मला सोपं गेलं असतं.

"बोला मावशी, काय होतंय?" ऋचानं विचारलं. आम्ही दोघी एकाच वयाच्या.

"डॉक्टर, मला दोन दिवसांपासून अशक्तपणा..." मी सुरुवात केली. मॅडमनी हात वर केला.

"अगं, असं पुस्तकी नको. तुमच्याकडं बोलतात तसं बोल ना."

तुमच्याकडं.

मग मी तसं बोलले. "लय कसंतरी व्हतंया बगा बाई. अंगात जीवच न्हाई. खाल्लेलं ग्वाड लागंना."

बस्स. एवढ्यावर खोलीत हशा फुटला. एकाला तर ठसका लागला. ते बोलणं माझं नव्हतं. ते माझ्या आईचं होतं. शब्द तिचे, हेल तिचा, बोलता बोलता हनुवटीखाली पदर धरायची लकबसुद्धा तिची. माझ्या तोंडून माझी आई बाहेर आली आणि खोलीभर डॉक्टर तिला हसले.

"हे ऑथेंटिक आहे," मॅडम म्हणाल्या. "असा पेशंट शोधून सापडणार नाही. इथून पुढं पेशंट हीच."

पुढच्या शुक्रवारी मी. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी. कधी मला मधुमेह झाला, कधी गर्भपात, कधी नवऱ्यानं मारलं. चिठ्ठ्या तेवढ्या डॉक्टर कोण होणार याच्या निघायच्या. त्या डब्यात माझं नाव कधी पडलंच नाही.

मी ठाकर. आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीची. हॉस्पिटलात मी हे कुणाला सांगत फिरले नव्हते, पण सांगावं लागतच नाही. जागा राखीव असली की ती बातमी माणसाच्या आधी पोचते. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये एकानं विचारलं होतं, "रँक काय होती गं तुझी? नाही, असंच विचारतोय." असंच विचारणारे मला जन्मभर भेटत आलेत.

बाप लवकर गेला. आई मला घेऊन लोणावळ्याला आली आणि तुंगार्लीत एका बंगल्यावर राखणीला राहिली. झाडलोट, बागेला पाणी, पाहुणे आले की स्वयंपाक. बंगल्याच्या मागं, पाण्याच्या पंपाला लागून एक खोली होती. तिथं मी वाढले, तिथंच अभ्यास केला. पंप सुरू झाला की भिंतीवरची ताटली वाजायची. पुढच्या फाटकातून आम्ही यायचं नाही, पाहुणे असताना नळावर कपडे धुवायचे नाहीत, असलं सगळं होतंच. त्याचं मला फार काही वाटायचं नाही. मला एकच गोष्ट लागायची.

शनिवारी मुंबईचे पाहुणे यायचे. जेवायला बसले की त्यांना करमणूक लागायची. "बाई, तुमच्या डोंगरात बिबट्या येतो का हो?" असं काहीतरी विचारायचे. आई खरंच सांगायला लागायची. जीव लावून, हातवारे करून. "आमी सांच्याला लाकडं आनाया गेलतो, तवा..." मधेच कुणीतरी ओरडायचं, "थांबा थांबा, ते परत म्हणा. गेलतो! किती गोड." आई परत म्हणायची. ते हसायचे. मग त्यांच्यासोबत आईपण हसायची. मी दाराआड पोळ्यांचा डबा घेऊन उभी. गोष्ट अर्धीच राहायची. बिबट्याचं पुढं काय झालं ते कुणी कधी विचारलं नाही.

खोलीत आल्यावर आई पदरानं तोंड पुसायची.

"हसूं दे त्यास्नी," म्हणायची. "तू शिक. तू डाक्टर झालीस म्हंजी आपल्याला कोन हसंल?"

मी शिकले. कशी शिकले ते सांगत बसत नाही, ती वेगळीच रड आहे. फॅमिली मेडिसिनच का, असं मला मुलाखतीत विचारलं होतं. मी म्हणाले होते, आमच्या वाडीवर माणूस आजारी पडला की तो हृदयाचा डॉक्टर वेगळा, पोटाचा वेगळा असा शोधत बसत नाही. एस्टी दिवसातून एखादी, ती चुकली तर चालत. त्याला एकच डॉक्टर मिळणार, तर तो अख्खा माणूस बघणारा पाहिजे. त्याचं घर, त्याची चूल, त्याची म्हातारी, सगळं बघणारा. मुलाखतवाल्यांनी माना हलवल्या होत्या. मॅडमही त्यात होत्या. त्यांना ते उत्तर फार आवडलं होतं, असं त्यांनी नंतर मला स्वतःहून सांगितलं.

मावशी हे नाव तासातून बाहेर आलं. वॉर्डात आलं, लिफ्टमध्ये आलं. "मावशी, त्या कोपऱ्यातल्या आजींची शुगर केली का?" हाक मारणारा माझ्याच वर्गातला. मी ओ द्यायचे. न द्यावी तर म्हणणार, हिला साधी थट्टा कळत नाही. मावशी हा आमच्यात केवढा मायेचा शब्द. माझ्या आईच्या पाठच्या बहिणीनं मला अंगावर पाजलंय. त्या शब्दाची त्यांनी पार माती केली.

हॉस्पिटलची गावाकडं दोन केंद्रं होती, आम्हाला तिथं आळीपाळीनं पाठवायचे. एक लोणावळ्यात. दुसरं कान्ह्याच्या पुढं, आंदर मावळाच्या वाटेवर. मला कायम कान्ह्याकडचं. आणि तिथंही मी आत नाही, बाहेर. व्हरांड्यात टेबल टाकून बसायचं, आलेल्या माणसाशी बोलायचं, त्याचं दुखणं शुद्ध मराठीत आणि इंग्रजीत उतरवून आत द्यायचं. तपासायचं आतल्यांनी. "तुला त्यांचं पटकन कळतं ना, म्हणून," मॅडम म्हणायच्या. गोड बोलून माणसाला दाराबाहेर कसं बसवायचं हे त्यांच्याकडून शिकावं.

एकदा डोंगर उतरून एक आबा आले होते. काठी, धोतर, पायाला जुनी जखम. मी सगळं विचारलं, जखम बघितली, लिहिलं आणि म्हणाले, "आबा, आता आत जा. डॉक्टर तपासतील."

"तू डाक्टरीन न्हाईस व्हय?"

"हाय की."

"मंग तू का न्हाई बगत?"

मी लिहिलेला कागद त्यांच्या हातात ठेवला. आबा काठी टेकत आत गेले. त्या दिवशी परत येताना मी बसमध्ये रडले. आबांनी विचारलेलं माझ्या डोक्यात तेव्हापासून घोळत होतं, पण अजून मी गप्पच होते. मला ती डिग्री हवी होती.

दिवाळीच्या सुमारास एका शुक्रवारी गेटवरच्या वॉचमननं माझ्या हातात फडक्यात बांधलेला डबा दिला. "तुमच्या मातोश्री येऊन गेल्या," म्हणाला. नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी, वरती कांदा. मी फोन केला. "थांबली का न्हाईस गं? मला बोलवायचं तरी." ती म्हणाली, "तू कामात व्हतीस." एवढंच. आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिचं बोलणं कमी झालं. आधी ती फोनवर पाल्हाळ लावायची, शेजारच्या बंगल्यातल्या कुत्रीला पिल्लं झाली इथपासून सगळं. आता "जेवलीस का, बरं, ठिवते." मला वाटलं सीझन आहे, पाहुण्यांची वर्दळ असेल, दमत असेल.

मग एके सकाळी कान्ह्याकडच्या केंद्रावर, त्या व्हरांड्यातल्या टेबलावर माझा फोन वाजला. सखूमावशीचा. सखूमावशी म्हणजे शेजारच्या बंगल्यावर राखणीला असलेली बाई, आईची जिवाभावाची मैत्रीण.

"पोरी, तुजी आय गाद्या घिऊन जिन्यानं वर चढत व्हती. पायरीवं बसली ती उटंचना."

मी लोणावळ्याला पोचले तेव्हा तिला मागच्या खोलीत कॉटवर निजवलं होतं. दवाखान्यात नेऊन परत आणलं होतं. मी मनगट धरलं. गळ्याशी बोटं लावली. डोळे बघितले. सगळं शिकवल्याप्रमाणं केलं. मग परत मनगट धरलं आणि सोडलंच नाही. सखूमावशीनं माझी बोटं एकेक करून सोडवली. हार्ट अटॅक, असं दवाखान्यातल्यांनी सांगितलं होतं. एवढं कळायला मला कुणी सांगायला नको होतं.

आईला वाडीवर नेलं. सगळं उरकून मी खोली आवरायला परत आले, तर मालकांचा फोन. फार वाईट वाटलं म्हणाले. मग म्हणाले, शनिवारी पाहुणे आहेत, तोवर खोली रिकामी होईल ना. मी हो म्हणाले. भांडायला अंगात बळ नव्हतं.

सखूमावशी माझ्यासोबत आवरायला बसली होती. लुगड्यांच्या घड्या घालता घालता तिनं जे सांगितलं ते मी तसंच्या तसं लिहिते.

"तिला लय दिस व्हत हुतं. चढ आला का छातीवं धोंडा ठिवल्यागत व्हायचं म्हनायची. मानंपातूर कळ यायची, हात जड व्हायचा. म्या म्हनलं, चल, तुज्या लेकीच्या दवाखान्याचीच शाखा हाय हितं खाली. वाटंनं मला सगळं सांगितलं तिनं. समदं. आन् आत गेली ती एकदम गप."

"गप का?"

"ती डाक्टरीन पोरगी चांगली व्हती. इचारत व्हती बिचारी. तुजी आय म्हनली, जरा जळजळतं. बस. त्या पोरीनं इचारलं, कशाची भीती वाटते का? तर म्हनली, नाही. न्हाई न्हवं, सुद्द 'नाही' म्हनली, शिकल्याल्या बाईवानी. म्या सांगाया गेले तर माजा हात दाबला."

मी लुगडं खाली ठेवलं.

"म्या भाईर आल्यावं तिला लय बोलले. तर म्हनती, सखे, त्या दिशी म्या डबा घिऊन गेलते ना, तवा दाराच्या काचंतनं बगितलं. लेक माजी डोक्यावं पदर घिऊन बसली व्हती, माज्यावानी बोलत व्हती, आन् समदी डाक्टर हसत व्हती. तितं त्यांच्याम्होरं मी अजून कशाला तोंड उघडू? त्यास्नी कळलं मी तिची आय हाय, तर पोरीचं अजून हसं व्हईल. लेक डाक्टर झाली म्हंजी हे सपलं, आसं वाटलं व्हतं मला. न्हाई सपलं, म्हनली."

सखूमावशी रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी त्या खोलीत बसून राहिले आणि पंप सुरू झाला आणि ताटली वाजायला लागली.

माझी आई आयुष्यभर न घाबरता बोलली. बिबट्याचं बोलली, मुकादमाशी भांडली, माझ्या शाळेत येऊन हेडमास्तरांना जाब विचारला, सगळं तिच्या भाषेत. तिला कुणाच्या बापाची भीती नव्हती. पाहुणे हसले तरी ती पुढच्या शनिवारी पुन्हा तोंड उघडायची. तिचं तोंड बंद केलं ते पेशंटचं कसं ऐकावं हे शिकवणाऱ्या तासानं. आणि तिच्या जागी मला बसवून केलं. याहून वाईट मला काही माहीत नाही.

त्या तासाला आम्हाला तीन प्रश्न शिकवले जायचे. तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळं होतंय? तुम्हाला कशाची भीती वाटते? आमच्याकडून तुम्हाला काय हवंय? चांगले प्रश्न आहेत, आजही म्हणते. आईच्या केसपेपरवर ऋचाची सही होती, म्हणजे तिनं ते माझ्या आईला विचारले होते. त्याच खोलीत पडद्यामागं ईसीजीचं मशीन होतं. पण जळजळतंय म्हणणाऱ्या बाईचा ईसीजी कोण काढतं? ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि तिखट कमी खा म्हणून सांगितलं.

मी कामावर परत गेले तो दिवस शुक्रवार निघाला.

मॅडमनी मला जवळ घेतलं. खरंच घेतलं. पाठीवर हात फिरवला. "कामात राहिलीस की बरं वाटेल," म्हणाल्या. सेमिनार रूममध्ये नवीन बॅच आली होती, पहिल्या वर्षाची मुलं, कोरे एप्रन घातलेली. मॅडमनी त्यांना माझी ओळख करून दिली, "ही आमची स्टार पेशंट." मग म्हणाल्या, "आज छातीत दुखण्याची केस घेऊ. ग्रामीण बाई, नीट सांगता येत नाही, असं कर. चल, ये."

खुर्ची मोकळी होती. मी तिच्यापर्यंत चालत गेले. सगळे गालातल्या गालात हसायला तयार होऊन बसले होते, नवीन मुलांना जुन्यांनी आधीच सांगून ठेवलेलं दिसत होतं. मी खुर्चीची पाठ धरली आणि उभीच राहिले.

"मॅडम, आज पेशंट तुम्ही व्हा."

"मी?"

"तुमच्या आई बोलतात तशा बोला. आम्ही बघतो."

कुणीतरी हसलं. हसू लगेच विझलं.

"माझ्या आईचा इथं काय संबंध?" मॅडमचा आवाज बदलला होता.

"माझ्या आईचा काय संबंध होता?"

मग मी बोलले. ऋचाकडं बघून बोलले, पण सगळ्यांसाठी बोलले. दाराला काच आहे, म्हणाले. त्या काचेतून दिवाळीत एका बाईनं आत बघितलं. हातात डबा होता. तुम्ही जिला हसत होता ती बाई म्हणजे ती स्वतःच, लेकीच्या अंगात शिरलेली. मग तीच बाई लोणावळ्याच्या केंद्रात आली. छातीवर धोंडा होता, हात जड होता, मान दुखत होती. तिनं वाटभर मैत्रिणीला सगळं सांगितलं आणि तुमच्यासमोर येऊन सांगितलं नाही. जरा जळजळतं, म्हणाली. कारण तुम्ही हसता हे तिनं बघितलं होतं. ती माझी आई.

ऋचा पांढरी पडली. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी तिन्ही प्रश्न विचारले होते गं."

"माहितेय. तू सगळं बरोबर विचारलंस."

ती रडायला लागली. पुढं होऊन तिला जवळ घ्यावं असं माझ्या हातांना वाटलं, सवय असते हातांना. मी नाही घेतलं. माझ्या आईचं दुःख करायचं सोडून मी हिची समजूत काढत बसू का? ते तिचं तिनं निस्तरावं.

मी डॉक्टरच्या खुर्चीतही बसले नाही. ओढणी गळ्यात नीट घेतली आणि बाहेर पडले. व्हरांड्यात येऊन मी भिंतीला टेकले आणि मग मला रडू आलं. इतके दिवस न आलेलं सगळं आलं. आये, आये, असं मोठ्यानं म्हणत रडले. येणारे-जाणारे पेशंट थांबले. एक म्हातारी जवळ आली आणि काही न विचारता माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

सोमवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"तू दुःखात आहेस, मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण वर्गासमोर माझा अपमान झाला. तुझ्या भाषेचा मी नेहमी गौरवच केला. पुढच्या शुक्रवारी माफीचे दोन शब्द बोल आणि विषय संपव. तुझे अंतर्गत मार्क माझ्याकडं आहेत, हे मला सांगावं लागू नये."

अपमान. तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे तो त्यांना माहीत होता.

"मी माफी न्हाई मागनार," मी म्हणाले.

"नीट विचार करून सांग."

विचार केलेला आहे. मी कोर्स सोडणार नाही. त्यांना तेच हवंय, की मी रडत वाडीवर परत जावं आणि त्यांनी म्हणावं, झेपलं नाही बिचारीला. मार्क कापायचे तर कापा. नापास करा. मी परत परीक्षा देईन, परत केलं तर परत देईन, आणि त्यांच्या नाकावर टिच्चून ही डिग्री घेईन. शुक्रवारच्या तासाला जाईन, पण चिठ्ठीत माझं नाव पडलं तरच उठेन, आणि पेशंट झालेच तर जसं बोलते तसं बोलेन, कुणाच्या सांगण्यावरून कुणाच्या आईसारखं नाही. त्या तासाला चालतं काय, ते मी वरच्यांना लेखी कळवलं आहे, माझ्या सहीनं. त्याचं काय होईल माहीत नाही. बहुतेक काही होणार नाही.

व्हरांड्यातलं टेबल मी सोडलं आहे. लोणावळ्याच्या केंद्रावरची ड्यूटी मागितली, मिळेना, तेव्हा रोज जाऊन मॅडमच्या केबिनच्या दारात उभी राहिले आणि घेतली. ज्या खोलीत माझी आई गप्प बसली त्याच खोलीत मी आता बसते. बंगल्यांवर राबणाऱ्या बाया येतात, हात पुसत, घाईत, दाराशी घुटमळत. आत आल्या की त्याही आधी शुद्ध बोलायचा प्रयत्न करतात. जरासंच दुखतंय, म्हणतात. मी लिहीत नाही. पेन खाली ठेवते आणि म्हणते, "मावशी, बसा हितं. काय घाई न्हाई. कदीपासनं व्हतंया, समदं सांगा." आणि जळजळतंय म्हणणाऱ्या प्रत्येक बाईचा ईसीजी काढते. मशीन उगाच वापरता म्हणून मला एकदा समज मिळाली आहे. मिळू दे.

माझ्या आईला याचा काडीचा उपयोग नाही. ती गेली, आणि जाताना आपल्या लेकीची लाज झाकून गेली, जी लाज तिचीही नव्हती आणि माझीही नव्हती. हे मला कुठलीही डिग्री विसरायला लावणार नाही. मला ते विसरायचंही नाही. पण या खोलीत माझ्यासमोर येणाऱ्या कुठल्याही बाईला आपली बोली दाराबाहेर काढून ठेवावी लागणार नाही, आणि ज्याला तिला हसायचंय, त्यानं आधी माझ्यासमोर उभं राहून मला हसून दाखवावं.